पुणे महापालिकेची कार्यपत्रिका तुम्ही वाचता का?

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

१५ मार्च २०२२ ला आपल्या महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे गेला. जवळपास चार वर्षं पुण्याला नगरसेवक नव्हते. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि ४१ प्रभागांतून १६५ जण निवडून गेले. त्या महिन्यात रिक्षात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता. निकाल लागला आणि चर्चा थांबली. खरं तर काम तिथून सुरू होतं. म्हणून हा धागा. कोणता पक्ष, कोण कुठून कुठे गेलं, हे इथे नको. त्यासाठी दुसरे धागे आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुख्य सभेची (सगळ्या नगरसेवकांच्या सभेची) आणि स्थायी समितीची कार्यपत्रिका, म्हणजे सभेपुढे येणाऱ्या विषयांची यादी, आपण वाचायला हवी. मुख्य सभा महिन्यातून एकदा तरी होते, स्थायी समिती साधारण दर आठवड्याला. स्थायीत १६ सदस्य असतात आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. मोठ्या रकमेच्या निविदांना मंजुरी तिथेच मिळते. वर्तमानपत्रात येतं ते मेट्रो, नदीकाठ, उड्डाणपूल. कार्यपत्रिकेत असतं ते हे: अमुक शाळेच्या छताची दुरुस्ती, तमुक स्मशानभूमीतल्या विद्युतदाहिनीची देखभाल, टँकरचे दर, दवाखान्याची औषधखरेदी, उद्यानासाठी सुरक्षारक्षक, एखाद्या चौकाचं नाव, रस्तारुंदीत गेलेल्या जागेचा मोबदला. आपल्या रोजच्या जगण्याचा बराचसा भाग या ओळींमध्ये असतो आणि आपण त्या वाचत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते वर्गीकरणाकडे. अंदाजपत्रकात तुमच्या गल्लीच्या पावसाळी गटारासाठी काही लाखांची तरतूद असते. 'स' यादीत, म्हणजे प्रभागातल्या छोट्या कामांच्या यादीत, ती दिसते. आपल्याला वाटतं, काम मंजूर झालं. मग डिसेंबर-जानेवारीनंतर एक प्रस्ताव येतो की सदर कामाची तरतूद वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवण्यात यावी. आठ-दहा ओळींचं विषयपत्र, म्हणजे त्या प्रस्तावाचा कागद, असतो. तो मंजूर झाला की गटाराचे पैसे दुसरीकडे जातात आणि पावसाळ्यात आपण विचारत बसतो की काम का झालं नाही. उत्तर मार्चच्या आधीच कागदावर लिहिलेलं असतं.

वर्गीकरण मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. जागा ताब्यात आली नाही, वाहतूक पोलिसांची परवानगी मिळाली नाही, तर पैसे पडून राहण्यापेक्षा दुसऱ्या गरजेच्या कामाला गेलेले बरे. कायद्यानेच ती सोय ठेवली आहे. पण कुठले पैसे कुठे गेले आणि का गेले, हे त्या गल्लीतल्या माणसांना कळलं पाहिजे. कळण्याचा रस्ता कार्यपत्रिकेतून जातो.

तुमच्यापैकी कुणी हे नियमित बघतं का? कसं बघता? ज्यांनी आत काम केलं आहे त्यांनी जरूर लिहा.

---

दप्तरबंद

मुठाकाठ, फार चांगला विषय काढलात. मी एका महापालिकेत (पुण्यातली नव्हे) सभेच्या कामकाजाशी संबंधित खात्यात अनेक वर्षं होतो. आता निवृत्त होऊन पुण्यात राहतो. कायदा तोच आहे, १९४९ चा महानगरपालिका अधिनियम, त्यामुळे कामाची रीत बरीचशी सारखी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो.

विषयापुढे 'दाखल मान्य' लिहिलं असेल तर तो फक्त माहितीसाठी सभेपुढे आला आणि नोंदवला गेला. 'एक महिना पुढे' म्हणजे पुढे ढकलला. असे पुढे पुढे जाणारे विषय मुद्दाम बघा. त्यात बहुतेक वेळा एकमत झालेलं नसतं, किंवा तो विषय सुटावा असं कुणालाच वाटत नसतं. 'अभिप्रायासाठी' म्हणजे सदस्याने प्रस्ताव दिला आणि तो आयुक्तांकडे मत मागायला गेला. तिथून तो परत यायला बराच काळ जाऊ शकतो आणि नागरिकांना वाटतं की आपल्या नगरसेवकाने प्रस्ताव मांडला म्हणजे काम झालं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऐनवेळचे विषय. छापील कार्यपत्रिकेत नसलेला विषय सभेत दाखल होतो. कधी कधी ते खरंच तातडीचं असतं. पण नागरिकाला तो आधी दिसत नाही. म्हणून फक्त कार्यपत्रिका वाचून भागत नाही, नंतर इतिवृत्तही, म्हणजे सभेत काय झालं याची नोंद, वाचावं लागतं. मंजूर ठराव, उपसूचना, मतदान झालं असेल तर कोण कुठल्या बाजूला, हे इतिवृत्तात येतं. उपसूचनेकडे, म्हणजे सभेत सुचवलेल्या बदलाकडे, तर बारकाईने बघा. मूळ प्रस्ताव एका रस्त्याचा असतो आणि उपसूचनेने त्याला आणखी चार कामं जोडली जातात.

कलम ६७(३)(क) खाली केलेल्या कामांची माहिती म्हणून जे विषय येतात तेही थांबून वाचा. आणीबाणीच्या प्रसंगी आयुक्तांना नेहमीची पद्धत बाजूला ठेवून तातडीने काम करता येतं आणि नंतर ते समितीला कळवावं लागतं. पूर आला, भिंत पडली, साथ आली तर हे अधिकार हवेतच. प्रश्न एवढाच विचारायचा की हे काम खरंच तसं होतं का.

---

नऱ्हेकर

मी हे सगळं वाचून जरा वेगळ्या बाजूचं लिहितो. आमचं गाव ३० जून २०२१ ला महापालिकेत आलं. २३ गावं एकदम घेतली. त्या दिवशी ग्रामपंचायत गेली. पुढच्या मार्चमध्ये महापालिकेचं सभागृहही गेलं. म्हणजे २०२१ पासून २०२६ पर्यंत आम्हाला ना सरपंच, ना नगरसेवक. कर मात्र लागला.

ग्रामपंचायत काही आदर्श नव्हती. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा व्हायची. देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात. माझे वडील उभे राहून विचारायचे, टाकी का भरली नाही, दिवाबत्तीचे पैसे कुठे गेले. ग्रामसेवकाला वही उघडून सांगावं लागायचं. उत्तर पटलं नाही तर दहा माणसं अजून उभी राहायची. शहरात आल्यावर ते बंद झालं. आता प्रश्न विचारायला ॲप आहे. तक्रार टाकली की क्रमांक मिळतो आणि काही दिवसांनी 'निराकरण झाले' असा संदेश येतो. समोर उभं राहून विचारायची जागा राहिली नाही.

२०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा अख्ख्या शहराला कळलं की इथल्या काही भागाला विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून दिलं जातं, शुद्धीकरण प्रकल्प नाही. इथल्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं. पण ते ज्याच्यापुढे मांडायचं ते सभागृहच तेव्हा नव्हतं. धरण आमच्या उशाशी आणि शुद्ध पाण्यासाठी आम्ही थांबलेले.

कार्यपत्रिका वाचायला मी तयार आहे. पण वाचल्यावर बोलायचं कुठे?

---

मुठाकाठ (धागाकर्ता)

नऱ्हेकर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कायद्यात जागा आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्याकडे १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि त्या पातळीवर या समित्या बसतात. त्यात त्या भागातले नगरसेवक असतातच, शिवाय स्थानिक सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी नेमता येतात. पुढे २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्र सभेची तरतूदही कायद्यात घातली. मतदान केंद्रांच्या छोट्या गटापुरती ती सभा, त्या भागातल्या सगळ्या मतदारांची. तुम्ही ज्या ग्रामसभेबद्दल लिहिलंत तिचंच शहरातलं रूप. कामं सुचवायची, अग्रक्रम ठरवायचा, दिवाबत्ती-पाणी-कचरा यांतल्या त्रुटी सांगायच्या. कागदावर सगळं आहे. ती प्रत्यक्षात भरवली जावी असा आग्रह धरणारे नागरिक कमी पडले.

माझं मत सांगतो. नव्याने आलेल्या गावांनी हा आग्रह धरला तर तो जुन्या पुण्यापेक्षा जास्त जोरकस होईल, कारण ग्रामसभा कशी चालते हे तुम्ही बघितलेलं आहे. आम्ही पेठांतली आणि सोसायट्यांतली माणसं पिढ्यानपिढ्या अशी सभा न बघता वाढलो. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना लेखी पत्र द्या, क्षेत्र सभा बोलवा म्हणून. पत्राची पोच घ्या.

---

हिशेबतपासनीस

मी व्यवसायाने लेखापरीक्षक. आकड्यांच्या बाजूने थोडं.

२०२३-२४ चं महापालिकेचं अंदाजपत्रक ९,५१५ कोटींचं होतं, २०२४-२५ चं ११,६०१ कोटींचं, २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं. एवढा आकडा बघून लोक दबकतात. दबकू नका. यातला मोठा हिस्सा आधीच बांधलेला असतो: पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, पाणी, घनकचरा, कर्जाचे हप्ते, आणि चालू कामांचं दायित्व. दायित्व म्हणजे गेल्या वर्षी सुरू झालेल्या कामाचं या वर्षी द्यायचं बिल. नव्या कामांना उरतं त्यातच ओढाताण.

दुसरं म्हणजे अंदाजपत्रक हा जमेचा अंदाज असतो. मिळकत कर, बांधकाम परवानगीचं शुल्क, जीएसटीचं अनुदान, पाणीपट्टी एवढी येईल असं गृहीत धरून खर्च लिहितात. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायीला देतात, स्थायी त्यात आपली कामं घालते आणि मग ते मुख्य सभेत येतं. प्रत्येक टप्प्यावर खर्चाची बाजू फुगायची प्रवृत्ती असते आणि त्याबरोबर जमेचा आकडाही वर चढवावा लागतो. जमा तेवढी आली नाही की वर्षाच्या मध्याला हात आखडतो आणि कात्री लागते ती प्रभागातल्या छोट्या कामांना. म्हणून अंदाजपत्रकात काम आलं हे बघून पेढे वाटू नका. निविदा निघाली का, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) दिला का, हे बघा.

मार्चबद्दल एक विनंती. फेब्रुवारीच्या शेवटी तुमच्या रस्त्यावर अचानक काम सुरू झालं तर 'मार्च एंड आला' म्हणून सोडून देऊ नका. फलक शोधा. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. फलक नसेल तर तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा. चांगल्या भाषेत विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

---

कोथरूड_डेपो

जंगली महाराज रस्त्याचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने बांधला, १० वर्षांची हमी दिली आणि त्यानंतर कितीतरी पावसाळे तो तसाच राहिला. तेव्हाची माणसंच वेगळी होती. आता कितीही कार्यपत्रिका वाचा, तसा रस्ता होणार नाही.

---

साइटवरचा

कोथरूड_डेपो, मी रस्त्याच्या कामांवर अभियंता म्हणून असतो (खासगी सल्लागाराकडे), त्यामुळे या उदाहरणाबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं.

त्या रस्त्याच्या गोष्टीत माणसं चांगली होतीच, पण ती दरवेळी सांगताना एक भाग राहून जातो. १० वर्षांची हमी करारात लिहिलेली होती. आज त्यालाच आम्ही दोष दायित्व कालावधी म्हणतो, बोलताना डीएलपी. आजही प्रत्येक रस्त्याच्या निविदेत तो असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. तरतूद आहे. पण ती मुदत कधी संपते हे त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना माहीत नसतं. मुदत चालू असताना खड्डा पडला आणि कुणी लेखी कळवलं नाही तर मुदत निघून जाते आणि पुढची दुरुस्ती आपल्या करातून होते.

तर ज्यांना रस्त्यांची तळमळ आहे त्यांनी तीन कागद मागावेत. पूर्वगणनपत्रक, म्हणजे काय काम, किती जाडीचा थर, किती लांबी, कोणता दर. मोजमाप पुस्तिका, म्हणजे प्रत्यक्षात किती झालं असं अभियंत्याने नोंदवलं. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, ज्यावरून डीएलपी मोजतात. डांबराच्या थराची जाडी तर कुणालाही समजते. पूर्वगणनपत्रकात ४० मिलिमीटर लिहिलं असेल आणि पुढच्या खोदाईत कडेला थर उघडा पडला तर पट्टी लावून बघता येतं.

निविदेच्या दराकडेही बघा. पूर्वगणनपत्रकापेक्षा खूप कमी दराने काम घेतलं असेल तर लोकांना वाटतं पैसे वाचले. तीस-पस्तीस टक्के खाली गेलेल्या कामात खडी, डांबर आणि मजूर यांचे भाव तर तेच राहतात. मग कुठेतरी थर पातळ होतो. अशा कामावर जास्त लक्ष ठेवायला हवं.

खोदाईबद्दलही सांगून ठेवतो. केबल, गॅस, पाणी, ड्रेनेज या सगळ्यांची खोदाई पावसाळ्याआधी थांबवून रस्ते पूर्ववत करायचे असतात. नवा रस्ता झाल्यावर लगेच तो खोदला गेला तर परवानगी कुणी आणि कधी दिली हा कागद पथ विभागाकडे असतो. रस्त्याच्या कार्यादेशाची तारीख आणि खोदाईच्या परवानगीची तारीख शेजारी शेजारी ठेवा.

---

शनिवारवाड्यामागे

धाग्याच्या विषयापासून थोडं बाजूला. मिळकत करातली स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत आता कायम आहे ना? आईच्या नावावर घर आहे, तिला कुणीतरी सांगितलं की ती रद्द झाली.

---

हिशेबतपासनीस

सवलत १९७० पासूनची. मधे ती काढली गेली होती, २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुढे चालू ठेवायचा निर्णय घेतला. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागला. आईंच्या बिलावर सवलत दिसत नसेल तर कर आकारणी विभागात पीटी-३ बद्दल विचारा. आणि थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, त्यामुळे वाद असला तरी त्याची चौकशी लवकर करा.

---

औंधगाव

मी नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाबद्दल लिहिते. पुण्यात हे २००६ मध्ये सुरू झालं आणि आपल्या शहराला त्याचा अभिमान वाटायला हवा. आपल्या भागातलं काम आपण सुचवायचं, एका कामाला ५ लाखांची मर्यादा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो, ऑनलाइनही. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी अर्ज मागवतात आणि ती कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जातात.

आमच्या भागातल्या आम्ही बायका दरवर्षी एकत्र बसून अर्ज भरतो. त्यावरून सांगते, अर्ज कसा लिहिता यावर फार अवलंबून आहे. 'आमच्या भागातले पदपथ सुधारावेत' असं लिहिलं तर त्याचं काही होत नाही. अभियंत्याला त्याचं पूर्वगणनपत्रक करता यायला हवं. म्हणून लिहायचं: अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक बसथांब्यापर्यंत, डाव्या बाजूचा पदपथ, अंदाजे लांबी इतकी, चार ठिकाणी फरशी उखडलेली, दोन ठिकाणी चढाव नाही म्हणून चाकाची खुर्ची जात नाही. फोटो जोडायचा. जागा महापालिकेची आहे ना हे आधी बघायचं. सोसायटीच्या आतलं काम सुचवलं तर ते बाद होतं.

आणि मुठाकाठ म्हणतात ते अगदी खरं. अर्ज मंजूर झाला म्हणून थांबायचं नाही. आम्ही सुचवलेल्या एका गल्लीतल्या चेंबर दुरुस्तीच्या कामाची तरतूद वर्गीकरणात जाणार होती. आमच्यातल्या एका काकूंनी कार्यपत्रिकेत ते नाव वाचलं. आम्ही आमच्या नगरसेविकेकडे गेलो, त्यांना कागद दाखवला. त्यांनी सभेत उभं राहून तो विषय मागे घ्यायला लावला. चेंबर त्याच उन्हाळ्यात झालं. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांना हे जमलं तर कुणालाही जमेल असं मला मनापासून वाटतं.

---

कोथरूड_डेपो

औंधगाव ताई, हे फार आवडलं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

पण मला अजून एक शंका आहे. कागद मागायला गेलं की 'साहेब मीटिंगला गेलेत', 'हे आमच्याकडे नाही, दुसऱ्या खात्याकडे' हे ठरलेलं. नोकरी करणाऱ्या माणसाने किती वेळा जायचं?

---

अर्जफाटे

त्यासाठी घरबसल्या करायचा मार्ग माहिती अधिकाराचा. २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की बरीच माहिती कुणी न मागताच जाहीर करायची आहे, आणि कार्यपत्रिका, ठराव, निविदा यातलं बरंच संकेतस्थळावर असतंही. तिथे जे नाही त्यासाठी अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपये.

अर्जात 'का' विचारू नका. 'गटाराचं काम का झालं नाही' याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. 'सदर कामाच्या तरतुदीबाबतचे वर्गीकरण प्रस्ताव, विषयपत्र आणि मंजूर ठरावाची प्रत' असं मागा. कागदाचं नाव घेतलं की तो टाळता येत नाही. म्हणूनच वर साइटवरचा यांनी जी तीन नावं सांगितली ती वहीत लिहून ठेवण्यासारखी आहेत.

शिवाय सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्ज न करता कागद बघू द्यायचे, असं राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या परिपत्रकात आहे. पुणे महापालिकेत ही रीत त्याच्याही आधी सुरू झाली होती. जाण्याआधी त्या खात्यात फोन करून कागद सध्या कधी आणि कुठे दाखवतात हे विचारून घ्या. आणि अशी सोय कुठे आखडती घेतली जात असेल तर त्याविरुद्ध बोललं पाहिजे. वकील नाही, खर्च नाही, दोन तासांत साधा माणूस फाइल वाचतो. यापेक्षा चांगली लोकशाही मला तरी माहीत नाही.

---

शाळामास्तर

इतिहास शिकवतो म्हणून एक भर घालतो. पुण्याची नगरपालिका १८५७ ची, महानगरपालिका १९५० ची. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवण्यासाठी १००० रुपये खर्चायचा विषय आला. जोतीरावांनी विरोध केला. ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. सभेत ते एकटे पडले. प्रस्ताव मंजूर झाला.

तरीही आज आपल्याला हे माहीत आहे, कारण सभेच्या कामकाजाची नोंद ठेवली जात होती. विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. एका नेहमीच्या सभेतला, सजावटीच्या खर्चाचा छोटा विषय! दप्तरबंद काकांनी इतिवृत्त वाचायला सांगितलं ते मला म्हणूनच फार पटलं. आपल्या प्रभागातले चार जण कुठल्या विषयावर काय बोलले हे आपण वाचलं पाहिजे आणि चांगलं बोलले असतील तर त्यांना तसं कळवलंही पाहिजे. नगरसेवकाला चांगल्या भाषणाबद्दल पत्र येणं फार दुर्मीळ असतं.

---

दप्तरबंद

शाळामास्तर, शेवटचं वाक्य मनाला लागलं. कर्मचाऱ्यांच्या वतीनेही तेच सांगेन. सभेच्या आदल्या रात्री कार्यपत्रिका जुळवत बसणारे, प्रत्येक विषयपत्राला क्रमांक घालणारे, इतिवृत्तातला एक शब्द चुकू नये म्हणून ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकणारे लिपिक मी बघितले आहेत. त्यांचं काम कुणी वाचतं आहे हे त्यांना कळलं तर ते जास्त काळजीने करतील.

मुख्य सभा नागरिकांना प्रेक्षक कक्षात बसून बघता येते. पास लागतो. नगरसेवकाकडे किंवा नगरसचिव कार्यालयात विचारा. शाळेतल्या मुलांना एकदा न्याच.

---

नऱ्हेकर

मुठाकाठ, तुम्ही म्हणालात तसं पत्र लिहायला घेतलं आहे. आमच्या भागातल्या सहा सोसायट्या आणि गावठाणातले लोक मिळून सही करतोय. क्षेत्र सभा बोलवा, आणि पहिल्या सभेत पाण्याच्या कामांचं वेळापत्रक सांगा, एवढ्या दोनच मागण्या. कलमाचा उल्लेख करावा का?

---

मुठाकाठ (धागाकर्ता)

करा. प्रभाग समितीची तरतूद अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये आहे आणि क्षेत्र सभेची त्याच्या लगेच पुढच्या कलमांत. पत्र प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना वेगवेगळं द्या, एकाला देऊन बाकीच्यांना प्रत नको. क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना एक द्या आणि नगरसचिवांना एक. आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पत्रात पाण्याच्या कामाचं अंदाजपत्रकातलं नाव जसंच्या तसं उतरवा, म्हणजे पुढे कुठल्याही कार्यपत्रिकेत ते आलं की आपल्यापैकी कुणालाही शोधता येईल.

बाकीच्यांनी आपापल्या प्रभागाचा क्रमांक खाली लिहा. एका प्रभागात दोघे-तिघे वाचणारे असले की 'स' यादी वाटून घेता येईल. अर्जफाटे, तुमचा माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना असेल तर इथे टाकता का?

---

अर्जफाटे

उद्या टाकतो. वर्गीकरणासाठी एक आणि मोजमाप पुस्तिकेसाठी एक, असे दोन वेगळे करतो, कारण एका अर्जात एकच विषय चालतो.